मायबाप नसलेली फाइल

"हां, आता सगळ्यांनी श्वास रोखा," दत्तारामभाऊ म्हणाले आणि त्यांनी टोपली उचलली.

दोरीच्या मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांनी खरोखरच श्वास रोखला. मोबाइल वर झाले, मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. टोपलीखाली वाळू होती. नुसती वाळू, सपाट, कुणी हात फिरवून सारखी केल्यासारखी. कासवाचं एकही पिल्लू नव्हतं.

"अहो, पहाटे उठवून आणलंत की आम्हाला!" कॅमेरा गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ म्हणाले.

दत्तारामभाऊंनी शांतपणे खिशातून आमच्या केंद्राचा कागद काढला, उलगडला आणि मोठ्याने वाचला. "घरटे क्रमांक बारा. अपेक्षित दिवस, रविवार. हा बगा, शास्त्रीय कागद हाय. पण कासवांनी अजून वाचला नाय वाटतं."

गर्दी हसली. मीही हसले, कारण तोवर मी केंद्राची माणूस आहे हे कुणाला माहीत नव्हतं. मग भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्या शर्वरीताई. केंद्राच्या. काय इचारायचा असेल तो त्यांना इचारा."

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बार्शीची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच नोकरीच्या मुलाखतीला आले तेव्हा. आमचं सागरी संशोधनाचं केंद्र अगदी लहान होतं आणि त्यातलं माझं काम त्याहून लहान: आधीच्या माणसाने लिहून ठेवलेल्या संगणकाच्या स्क्रिप्टा चालू ठेवायच्या, आणि त्यांतून निघणारी तारीख खारशेत गावाला कळवायची. खारशेतच्या किनाऱ्यावर थंडीत कासविणी अंडी घालून जात. कोल्ह्याकुत्र्यांनी ती उकरू नयेत म्हणून दत्तारामभाऊंची गावकमिटी ती उचलून कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरे. हॅचरी म्हणजे वाळूत ओळीने केलेले खड्डे, आणि त्या खड्ड्यांनाही सगळे घरटंच म्हणत. पिल्लं यायची वेळ झाली की त्या घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायचं. आम्ही वाळूत वायरी टाकून तापमापक पुरले होते. वाळू ऊबदार असेल तर पिल्लं लवकर येतात, थंड असेल तर उशिरा, त्यावरून आमची स्क्रिप्ट दिवस सांगायची.

सांगायची म्हणजे काय, आपली बोलायची. कधी इतकी अचूक की भाऊ आम्हाला नारळ पाठवायचे, तर कधी आठवडा इकडे, आठवडा तिकडे. त्या वर्षी सात नंबरचं घरटं आम्ही सांगितलेल्या दिवसाच्या किती आधीच फुटलं. वर टोपली नव्हती. पिल्लं बाहेर आलेली पहिल्यांदा कावळ्यांनी पाहिली, आणि भाऊ अंगावरची चादर घेऊन धावले म्हणून बरीचशी वाचली. तेव्हापासून ते आमच्यावर खार खाऊन होते, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

पाहुणे पांगल्यावर भाऊ माझ्याजवळ आले.

"ताई, तुमच्यावर राग नाय. पण पुढच्या रविवारी एकोणीस नंबर फुटणार असा तुमचा कागद म्हणतो. तीन शाळांची पोरं यायची हायत. तेव्हा पण असाच झाला तर वायरी उपटायच्या आन् घेऊन जायच्या. कमिटीत ठराव झाला."

"भाऊ, एवढ्या वर्षांचं काम आहे हो."

"आमचा पण हाय की!" ते म्हणाले, आणि चहा प्यायला घरी घेऊन गेले. कोकणी माणूस भांडण आणि चहा यांची कधी गल्लत करत नाही.

केंद्रात परतले ती थेट मॅडमच्या खोलीत. डॉ. रेणुका मांजरेकर म्हणजे आमच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली, सुती साडीखाली धावायचे बूट, आणि आवाज असा की तीन खोल्यांपलीकडे त्या फोनवर बोलत असल्या तरी आम्हाला फोनची गरज नसे. खारशेतचा प्रकल्प त्यांनी उभा केला होता. कमिटीचा ठराव सांगितल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"वायरी काढल्या तर संपलंच मग," त्या म्हणाल्या. "इतका अखंड तपशील दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याचा नाही आपल्याकडे. शर्वरी, गणितात चूक आहे का?"

"गणित मी तपासलं. ते बरोबर आहे. मला वंशावळ काढू द्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. 'वंशावळ' हे माझं खूळ होतं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पायरीच्या वर एक साधी टीप लिहायची: इथे आत काय येतं, त्याचं काय होतं, बाहेर काय पडतं. मी एक छोटा प्रोग्राम केला होता, तो ह्या टिपा वाचून चौकटी आणि बाणांचं चित्र काढायचा. शिवाय स्क्रिप्ट चालताना खरोखर कुठली फाइल उघडते तेही नोंदवायचा, कारण टीप लिहिणारा माणूस असतो आणि माणूस थापा मारतो. चित्र पुरं झालं की कुठलाही आकडा धरावा आणि बाणांवरून उलटं चालत जावं. तो कुणाच्या पोटी आला, त्याचे आजे-पणजे कोण, सगळं समजतं. पण जुन्या स्क्रिप्टांना अशा टिपा लिहायच्या तर प्रत्येक ओळ वाचावी लागणार होती, आणि मॅडमना तो वेळेचा अपव्यय वाटे.

"अगं, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात."

"ऋषीचं नका विचारू, पण तारखेचं विचारायला काय हरकत आहे?"

त्या हसल्या. "मंगळवारपर्यंत कर. मग मला उत्तर पाहिजे, चित्र नको."

मी बसले. हे काम कंटाळवाणं असतं असं लोक समजतात. मला विचाराल तर घर आवरताना जुन्या ट्रंकेत हात घालण्यासारखं आहे ते. आधीच्या प्रसन्न सामंतने भराभर लिहिलेल्या त्या स्क्रिप्टा, एक फाइल दुसरीला हाक मारते, दुसरी तिसरीला. एकेक टीप लिहीत गेले तसं चित्र वाढत गेलं. तापमानाच्या आकड्यांची चौकट: वर तापमापक, सगळं रीतसर. अंडी ठेवल्याच्या तारखा: दत्तारामभाऊ फोनवर कळवतात, रीतसर. मंगळवारी दुपारी शेवटचे बाण जोडले गेले आणि मी चित्र भिंतीवर चिकटवून मागे सरकले.

एका चौकटीतून बाण बाहेर पडत होता, पण तिच्यात एकही शिरत नव्हता. 'जागा-क्रमांक' नावाची एवढीशी फाइल होती ती. आमचे तापमापक जागेवरून ओळखले जात, दुसरी ओळ, डावीकडून तिसरी जागा, असे. गावकरी घरटी ओळखत नंबरावरून. कुठल्या जागेचा नंबर कुठला हे सांगणारी ही फाइल. सगळा डोलारा तिच्यावर उभा, आणि तिला मायबाप नाही.

प्रसन्नला फोन लावला. तो तेव्हा बेंगळुरूला होता.

"जागा-क्रमांक? ती मी नाही केली. मी यायच्या आधीपासून होती."

"मग कुणी केली?"

"मला मिळाली तशी वापरली बाबा. चालत होती."

'चालत होती' ह्या दोन शब्दांवर ह्या जगातलं किती विज्ञान उभं आहे कोण जाणे! मी फाइलच्या पोटात शिरले. ती तयार करणाऱ्याचं नाव संगणकाने आपणहून नोंदवून ठेवलं होतं. ते दोनदा वाचलं. चित्राची गुंडाळी करून मॅडमच्या दारात उभी राहिले.

"मॅडम, चित्रात एक पोरकी फाइल सापडली, जागा-क्रमांक. ती तुम्ही केली आहे."

"मी? शक्यच नाही. मी फाइली करत नाही, मी फाइली मागते."

"नाव तुमचं आहे."

त्यांनी चष्मा चढवला, पडद्यावर पाहिलं, चष्मा काढला. चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळायला लागलं. रागावतील अशी माझी तयारी होती, पण ते रागाचं उजळणं नव्हतं.

"अगं हो! पहिल्याच वर्षी. कुंपण नुकतं घातलं होतं, आत घरटी नव्हती, नुसते खड्डे. दत्तारामच्या घरी, वैजूवहिनींच्या अंगणात बसून घावणे खात केली होती मी. सोपी तर होती. ओळीत सहा-सहा, डावीकडून मोजत जायचं. त्यात काय चुकणार?"

"मला माहीत नाही. पण वर्षानुवर्षं हीच एक गोष्ट कुणी पुन्हा तपासली नाही."

"चल," मॅडम उठल्या. "उद्या सकाळी खारशेत. मी जशी मोजली तशी मोजून दाखवते तुला."

बुधवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो तेव्हा भाऊ हॅचरीच्या दारात उभे होते. ठरावाचं माहीत असूनही मॅडमना बघून खूश झाले, पण तसं न दाखवण्याची पराकाष्ठा करत होते.

"वायरी न्यायला आलात? रविवार व्हायचाय अजून."

"वायरी कसल्या नेता! घरटी मोजायला आले. तुम्हीही चला मोजत."

दोघं दारातून आत शिरले. डाव्या अंगाला सुरूची झाडं, त्यांची सावली कुंपणात पडलेली, उजवीकडे उघडं ऊन. पहिली ओळ दोघांनी बरोबर मोजली, डावीकडून उजवीकडे, एक ते सहा. मॅडम मोठ्याने, भाऊ मनातल्या मनात. मग मॅडम वळल्या, ओळीच्या सुरुवातीला चालत परत आल्या, दुसऱ्या ओळीतल्या डावीकडच्या पहिल्या घरट्यावर बोट रोखून गरजल्या, "सात!"

"हां, सात," दत्तारामभाऊ म्हणाले.

आवाज लांबून आला. भाऊ ओळीच्या पार उजव्या टोकाला उभे होते, तेही पायाखाली बोट दाखवत.

"अहो, तिकडे काय करताय? सात इथे आहे."

"तिथं कसा असेल? सात हा. हा बगा, फुटलेला, कावळे आलेले तो. तुमी उभ्या हाव तो बारा. रविवारी ज्यानं आपली लाज घालवली, तो."

मॅडमनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी पाटी होती, पाटीवर अंडी पुरल्याची तारीख होती, आणि वाळू शाबूत. हे सात नंबरचं घरटं असतं तर केव्हाच रिकामं झालं असतं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी त्यांच्याकडे. मधे अख्खी ओळ.

"दत्ताराम," मॅडम हळूच म्हणाल्या, "सहानंतर तुम्ही इकडे परत का नाही आलात?"

"परत कशाला यायचा? भात लावताना ओळ संपली की कोण चालत मागं येतो? तिथंच वळायचा आन् दुसरी धरायची. खड्डे खणले तेव्हा पण तसाच खणले. फावडा घेऊन फुकटच्या फेऱ्या कोण मारील?"

मला सगळंच एकदम उमगलं. एका आड एक ओळ उलटी. ऊन लागणाऱ्या घरट्यांना आम्ही सावलीतलं तापमान लावत होतो आणि सावलीतल्यांना उन्हातलं. पहिली, तिसरी, पाचवी ओळ मात्र बरोबर, म्हणून अधूनमधून नारळ यायचे.

मॅडम वाळूत मटकन बसल्या. मी धावले. जवळ जाऊन बघते तर त्या हसत होत्या. इतक्या, की डोळ्यांतून पाणी.

"घावणे खाता खाता!" त्या म्हणत होत्या. "वर्षानुवर्षं मी कासवांना दोष देते आहे गं! एका परिषदेत मी चक्क सांगितलं, की खारशेतच्या कासवांचं वागणं जरा अनाकलनीय आहे!"

दत्तारामभाऊंना काय झालं ते नीट कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ते असे हसले की वैजूवहिनी घरातून पदर खोचत बाहेर आल्या. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग ह्यांनी तरी कवा इचारला नाय का, तुमी कुठून मोजता म्हणून?" भाऊंचं हसू जरा आवरलं. खरंच, त्यांनीही विचारलं नव्हतं. दोन्हीकडच्या शहाण्यांनी गृहीत धरलं होतं की मोजायची रीत जगात एकच.

वहिनींच्या ओटीवर लॅपटॉप उघडून मी फाइल नव्याने केली, प्रत्येक दुसरी ओळ उलटी फिरवून. स्क्रिप्ट चालवली. तिघंही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"एकोणीस नंबर रविवारी नाही," मी म्हणाले. "तो उन्हातला आहे. तो आज संध्याकाळी नाहीतर उद्या सकाळी. आणि रविवारी येणार बारा नंबर."

"बारा? त्या आळशावर पुन्यांदा भरवसा?" भाऊंनी मान हलवली. "आज नवा, उद्या दुसरा. ताई, कागद बदलला म्हणून कासव बदलत नाय."

मॅडम उभ्या राहिल्या. "दत्ताराम, एकोणिसावर आत्ता टोपली घाला. उद्या सकाळपर्यंत काही आलं नाही, तर रविवारची वाट बघू नका. मी स्वतः वायरी उपटते."

भाऊंनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग टोपली आणायला गेले.

संध्याकाळी टोपली उचलली. काही नव्हतं. सपाट वाळू. वहिनींनी जेवायला तिसऱ्या आणि भात केला होता, आणि बार्शीच्या मला शिंपल्यांतून ते मांस काढता येत नाही यावरून सगळे थोडं हसले, पण हसण्यात जीव नव्हता. मॅडम तर एकदाही मोठ्याने बोलल्या नाहीत.

पहाटे उठून आम्ही चौघं हॅचरीत गेलो. उजाडत होतं. भाऊंनी या वेळी कुणाला श्वास रोखायला सांगितलं नाही. टोपली उचलली.

वाळूला मधोमध खळगा पडला होता.

"खचली," भाऊ कुजबुजले. "खालून हलतायत. बगा, बगा."

खळग्यात वाळूचा एक कण घरंगळला. मग बोटाच्या पेरापेक्षाही लहान असं एक काळं डोकं वर आलं, त्याने आळस देत वल्ह्यासारखा एक हात बाहेर काढला आणि ते थांबलं. जणू वर कोण कोण आलंय ते बघत होतं. त्याच्या पाठीवर दुसरं चढलं, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसऱ्याचा पाय, आणि मग दूध उतू जावं तशी पिल्लं वर आली. मला रडू फुटलं. मी वहिनींना मिठी मारली, वहिनींनी मला. भाऊ पिल्लं टोपलीत उचलून ठेवताना प्रत्येकाला काहीतरी बोलत होते, आणि मॅडमचा आवाज परत आला होता. तो शेजारच्या गावातही पोचला असेल.

"बरोब्बर! दत्ताराम, बरोब्बर!"

पिल्लं पाण्याच्या दिशेने सोडली. शेवटचं लाटेत शिरेपर्यंत कुणी हललं नाही. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या त्या चित्रात त्या फाइलच्या वर आता काय लिहिलंस?"

"'हाताने केलेले काम,' एवढंच. नाव नाही घातलं."

"का?"

"मॅडम, ते चित्र अहवालात जाणार. बाहेरचे लोक बघणार."

"मग तर घालच. पोरकी म्हणत होतीस ना तिला? चांगली धडधाकट आई आहे तिची. लिही: रेणुका मांजरेकर यांनी डावीकडून मोजून केली, चुकली. खाली लिही: दत्ताराम पाटेकर यांच्याबरोबर चालून दुरुस्त केली. आणि ती नवी रीत, ओळ संपली की वळणारी, तीच कायम ठेव. आपला कागद बदलायचा, त्यांचे पाय नाही बदलायचे."

रविवारी तीन शाळांची पोरं आली, आणि त्यांच्यामागे अर्धा तालुका. दोरीच्या पलीकडे उभं राहायला जागा नव्हती. बारा नंबरची टोपली भाऊंनी उचलली तेव्हा पिल्लं आधीच वर येऊन एकमेकांच्या अंगावर चढलेली होती, आणि पोरांनी जो गलका केला त्याने सुरूवरचे कावळे उडून गेले. पिल्लं पाण्यात गेली. पोरं मात्र जागची हलेनात.

"काका, तुम्हाला कसं कळलं, आजच येणार म्हणून?" एका मुलीने विचारलं.

भाऊ आधी छाती फुगवून हसले. मला वाटलं, आता अनुभवाच्या गोष्टी सांगणार. पण त्यांनी शर्टाच्या आतून आमचं चित्र काढलं, वाळूवर पसरलं, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले, आणि पोरांना भोवती बसवलं. एकेका चौकटीवर बोट ठेवून सांगू लागले. हा वाळूचा ताप. हा आमचा फोन. हा बाण बगा कुठून आला, कुठं गेला. आठवड्यापूर्वी ज्या कागदावरून त्यांनी आमची टर उडवली होती, त्याचंच कुळमूळ ते पाठ असल्यासारखं सांगत होते, आणि मास्तरसुद्धा ऐकत उभे होते.

बोट मधल्या चौकटीवर येऊन थांबलं.

"आन् हितं," भाऊ म्हणाले, आपल्या मुलीचा पहिला नंबर आला असावा अशा आवाजात, "हितं आमच्या म्याडम चुकल्या."

"कुठायत त्या?" पोरांनी माना वळवल्या.

गर्दीच्या मागे, धावायच्या बुटांत वाळू भरलेल्या डॉ. रेणुका मांजरेकर यांनी वर्गात हजेरी द्यावी तसा उजवा हात उंच केला.